कवितेवर चार शब्द बोलायचे, तर कोणते?

काव्यवाचनाच्या बैठकीत नवीन माणूस बहुतेकदा ‘छान आहे’ किंवा ‘काही कळलं नाही’ एवढंच बोलून गप्प बसतो. त्याला काही जाणवलेलं नसतं असं नाही. जाणवलेलं नेमकं कोणत्या शब्दात सांगायचं, ते त्याला पटकन सुचत नाही. शाळेतल्या रसग्रहणाच्या प्रश्नासाठी पाठ केलेली ‘कवीने अतिशय समर्पक शब्दांत’ छापाची वाक्यं इथे उपयोगाची नाहीत. ती कुठल्याही कवितेला चिकटवता येतात, तिथेच त्यांचा उपयोग संपतो.

हा लेख अशा माणसासाठी आहे. कवितेवर बोलता बोलता गाडी थोड्याच वेळात ‘मी कोण’, ‘मी काय मानतो’ आणि ‘मी काय ठरवलं’ इथे येतेच. म्हणून ओळख, श्रद्धा आणि निर्णय यांचे शब्दही सोबत घेतले आहेत. माझं निरीक्षण असं की चर्चेतली बरीच भांडणं खऱ्या मतभेदातून होत नाहीत. ओळ काय म्हणते, कवितेतला ‘मी’ काय म्हणतो, कवी काय मानतो आणि वाचणारा काय मानतो, या चार गोष्टींची सरमिसळ झाली की आवाज चढतात. शब्द नेमके असले तर निदान आपण कशाबद्दल भांडतोय ते कळतं.

नमुन्याला एक कविता लागेल. ही या लेखापुरतीच रचली आहे, तेव्हा तिची बिनधास्त चिरफाड करा.

नाव लिहा, म्हणाला रकाना.
आजीचं लिहिलं. खोडलं.
गावाचं लिहिलं. खोडलं.
देवाचं लिहून
जरा वेळ पेन धरून बसले.
मग एक रेघ ओढली.
ती मात्र सरळ आली.

पायरी 1: ‘आवडली’चे सुटे करा

‘आवडली’ ही मोठी नोट आहे, तिचे सुटे करून घ्या. कविता कळते, उमगते, पटते, भावते, भिडते, टोचते किंवा पोचत नाही. यातलं प्रत्येक क्रियापद वेगळं काम करतं. ‘कळली’ म्हणजे अर्थ लागला. ‘उमगली’ म्हणजे अर्थ उशिरा, आतून लागला. ‘भावली’मध्ये मृदूपणा आहे, ‘भिडली’मध्ये धक्का. ‘पटली’ हे विचाराबद्दल बोलतं, म्हणजे कवितेत जे म्हटलंय त्याच्याशी मी सहमत आहे. त्यामुळे ‘भिडली, पण पटली नाही’ हे वाक्य पूर्ण शुद्ध आणि प्रामाणिक आहे. नवख्यांनी ते लवकर वापरायला शिकावं. ‘कळली नाही, पण काहीतरी जाणवलं’ असंही बेधडक म्हणता येतं.

नावडतीलाही शब्द आहेत. सपाट, शब्दबंबाळ, भाबडी, प्रचारकी, कृत्रिम, पसरट. यातला ‘पसरट’ सगळ्यात उपयोगी, कारण त्यावर उपाय सुचवता येतो: अमुक कडवं काढलं तरी चालेल. ‘भाबडी’ जपून वापरा. कवी समोर बसलेला असेल तर तो शब्द त्याच्या वयावर किंवा स्वभावावर जातो.

‘दुर्बोध’ आणि ‘संदिग्ध’ यांत लोक फार गल्लत करतात. दुर्बोध म्हणजे अर्थापर्यंत पोचायला अवघड. संदिग्ध म्हणजे दोन किंवा अधिक अर्थ समोर आहेत, पण कोणता घ्यायचा ते पक्कं होत नाही. वरची कविता अजिबात दुर्बोध नाही, शाळकरी मूलही वाचेल. शेवटची रेघ मात्र संदिग्ध आहे. आणि संदिग्धता हा दरवेळी दोष नसतो. ती मुद्दाम ठेवलेली, फलदायी असेल तर तिला ‘अनेकार्थता’ म्हणायची पद्धत आहे.

पायरी 2: बांधणीचे शब्द, लागतील तेवढेच

ओळ, चरण, कडवं, ध्रुवपद हे बहुतेकांना माहीत असतं. ‘चरण’ हा शब्द वृत्त-छंदातल्या कवितेला शोभतो, मुक्तछंदात साधं ‘ओळ’ म्हणा.

गोंधळ होतो तो छंद, जाती आणि वृत्त यांत. ढोबळ हिशेब असा: अक्षरांची संख्या मोजायची तो छंद, मात्रांची संख्या मोजायची ती जाती, आणि लघु-गुरूंचा क्रमसुद्धा ठरलेला असेल ते वृत्त. मोठ्या अभंगात चरणांना 6, 6, 6 आणि 4 अशी अक्षरं असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळतं. हा छंद झाला. पादाकुलकाच्या ओळीत 16 मात्रा, ही जाती. भुजंगप्रयातात ‘लगागा’ (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) हा य गण, म्हणजे तीन अक्षरांचा गट, चार वेळा येतो, म्हणजे ओळीत 12 अक्षरं आणि प्रत्येकाची जागा बांधलेली, हे वृत्त. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे चाल बहुतेकांच्या कानात असते. एखादी ओळ त्या चालीत बसते का हे आधी म्हणून पाहा, गण नंतर पाडा.

गझलेवर बोलायचं तर मतला, शेर, काफिया, रदीफ आणि मक्ता एवढे पाच शब्द पुरतात. शेर म्हणजे दोन ओळींचा एकक, मतला म्हणजे पहिला शेर, मक्ता म्हणजे शेवटचा, काफिया म्हणजे यमक, रदीफ म्हणजे त्या यमकानंतर जसाच्या तसा परत येणारा शब्द किंवा शब्दसमूह. प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र असतो, तेव्हा ‘विषय मध्येच बदलला’ अशी तक्रार गझलेबाबत करू नये.

आपली नमुना कविता मुक्तछंदात आहे. ‘मुक्तछंद म्हणजे बांधणी नाही’ हा समज चुकीचा, आणि ते याच सात ओळींत दाखवता येतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीची घडण एकच आहे: लिहिलं, पूर्णविराम, खोडलं, पूर्णविराम. ही पुनरावृत्ती. चौथ्या ओळीत ती मोडते. ‘लिहिलं’च्या जागी ‘लिहून’ येतं, ओळ अर्धवट तुटते, आणि ‘खोडलं’ येतच नाही. देवाचं नाव खोडलं असं कविता कुठेही म्हणत नाही. चर्चेत अशा जागेवर बोट ठेवायचं असेल तर वाक्य असं करा: ‘इथे घडण मोडली आहे आणि मला वाटतं कवितेचं वजन त्या मोडण्यावर आहे.’ एवढ्याने ऐकणारे सरसावून बसतात.

लय, सूर आणि चाल यांतला फरक थोडक्यात. लय ओळीची, चाल गाणाऱ्याची, सूर बोलणाऱ्याचा. सूर उपरोधिक आहे, तक्रारीचा आहे, कोरडा आहे, आर्जवी आहे असं म्हणतात. इथला सूर कोरडा.

पायरी 3: प्रतिमा म्हणायचं की प्रतीक?

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक शाळेत होऊन गेलेलं असतं. उजळणीपुरतं: ‘सारखा’ किंवा ‘प्रमाणे’ असेल तर बहुधा उपमा, ‘जणू’, ‘वाटे’, ‘गमे’ असेल तर बहुधा उत्प्रेक्षा, आणि दोन गोष्टी एकच मानल्या असतील तर रूपक. ‘म्हणाला रकाना’ यात निर्जीव रकान्याला बोलायला लावलं आहे. याला चेतनगुणोक्ती म्हणतात. नाव जड आहे, पण चर्चेत एकदा तरी म्हणून बघा, सवय होते.

प्रतिमा आणि प्रतीक यांची अडचण निराळी. प्रतिमा इंद्रियांना काहीतरी दाखवते, ऐकवते, हुंगवते. प्रतीक त्याच्या पलीकडच्या गोष्टीची जागा घेतं. रेघ आधी प्रतिमा आहे, कागदावर दिसते. तिला प्रतीक म्हणायचं तर कशाचं, हे सांगायची जबाबदारी तुमच्यावर येते. ते सांगता येत नसेल तर ‘प्रतिमा’वर थांबा, कोणी हसत नाही.

जुन्या काव्यशास्त्रातलं एक त्रिकूट अजूनही रोज कामाला येतं: अभिधा, लक्षणा, व्यंजना, म्हणजे शब्दाच्या अर्थ देण्याच्या तीन शक्ती. शब्दाचा सरळ अर्थ तो वाच्यार्थ. तो लागू पडत नाही म्हणून जवळचा घेतलेला तो लक्ष्यार्थ. आणि बोललं एक, सुचलं दुसरंच, तो व्यंग्यार्थ किंवा ध्वनी. या सुचण्यालाच काव्याचा आत्मा मानणारा आनंदवर्धन नवव्या शतकातला. आपल्या कवितेत ‘सरळ’चा वाच्यार्थ वाकडी नसलेली. व्यंग्यार्थ शोधायला गेलं तर सरळ माणूस, सरळ उत्तर, सरळ नकार असं काय काय सुचतं. शिवाय मराठी कानाला रेघ म्हटलं की काळ्या दगडावरची रेघ आठवतेच. ती आठवण कवितेत आहे की आपल्या डोक्यात, हा प्रश्न विचारायला मात्र विसरू नका.

पायरी 4: ‘मी’ कोण, ते आधी ठरवा

कवितेतल्या ‘मी’ला थेट कवी समजू नका. ‘कवीला आपलं नाव आवडत नाही’ असं म्हणण्यापेक्षा ‘कवितेतल्या मीला’ किंवा ‘निवेदकाला’ असं म्हणा. निवेदिका म्हणायचं की निवेदक, इथे मराठी व्याकरण मदतीला येतं. ‘लिहिलं’, ‘खोडलं’ ही क्रियापदं नावाप्रमाणे, म्हणजे कर्माप्रमाणे चालतात. तिथे लिहिणारी बाई की पुरुष, पत्ता लागत नाही. ‘बसले’ला मात्र कर्त्याप्रमाणे चालावं लागतं, आणि बोलणारी स्त्री आहे हे पाचव्या ओळीत अचानक कळतं. अर्थात ‘मी’ हा शब्द कवितेत नाहीच, तेव्हा ‘ते बसले’ असं आदरार्थी वाचणारा कुणी निघेल. मग सगळी कविता दुसऱ्या कुणीतरी बघून सांगितलेली होते. मला ते वाचन ओढूनताणून वाटतं, पण व्याकरणाने ते अडवता येत नाही.

आता ओळखीचे शब्द. ‘ओळख’ सगळ्यात मोकळा: इतर मला कशावरून ओळखतात ते. ‘अस्मिता’ बहुतेकदा गटाची असते आणि तिला अभिमानाची किनार असते, म्हणून भाषिक अस्मिता, प्रादेशिक अस्मिता, आणि म्हणूनच अस्मिता दुखावते. एकट्या माणसाच्या घालमेलीला ‘अस्मितेचा प्रश्न’ म्हटलं की वर्तमानपत्री वास येतो. (गंमत म्हणजे पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक आहे.) ‘स्वत्व’ म्हणजे आपल्यातलं जे गेलं तर आपण आपण उरत नाही ते. स्वत्व जपतात, गमावतात. ‘अस्तित्व’ त्याहून मूलभूत, नुसतं असणं. ‘आत्मभान’ म्हणजे आपण कोण, कुठे उभे, कुणी आपल्याला इथे उभं केलं याची जाण. ते ‘येतं’. दलित आणि स्त्रीवादी साहित्याच्या चर्चेत हा शब्द वारंवार भेटेल. समाजापासून किंवा स्वतःपासून तुटल्याच्या भावनेला समीक्षेत ‘परात्मता’ म्हणतात, बोलताना ‘तुटलेपण’ किंवा ‘उपरेपण’ पुरतं.

इथे एक युक्ती सांगून ठेवतो. नेमका शब्द आठवत नसेल तेव्हा ‘पण’ प्रत्यय लावून बघा. बाईपण, माणूसपण, मीपण, पोरकेपण, एकटेपण. जड संस्कृत शब्दापेक्षा हे अनेकदा जास्त खरं बोलतात. फक्त एकटेपण आणि एकांत एक समजू नका. एकांत आपण शोधतो, एकटेपण वाट्याला येतं.

मग नमुना कवितेत प्रश्न अस्मितेचा की स्वत्वाचा? आजी, गाव, देव ही तिन्ही नावं वारशाने आलेली. ती एकेक लिहून बघणं हा ओळखीचा शोध म्हणता येईल. ‘अस्मिता’ मी इथे वापरणार नाही, अभिमानाची खूण एकाही ओळीत नाही.

पायरी 5: श्रद्धा, विश्वास आणि नुसतं वाटणं

हा भाग सावकाश वाचा, कारण बैठकीतला सूर इथेच बिघडतो.

शब्द तीव्रतेने लावायचे तर खालून वर असे: वाटणं, समज, मत, धारणा, भूमिका, विश्वास, निष्ठा, श्रद्धा. ‘वाटतं’ केव्हाही मागे घेता येतं. ‘समज’ चुकीचा असू शकतो, म्हणून तो दूर करता येतो. ‘मत’ कारणं देऊन मांडायचं असतं. ‘धारणा’ बरीच आत रुजलेली, तिची कारणं आपल्यालाही चटकन सांगता येत नाहीत. ‘भूमिका’ जाहीर असते, ती घेतली की निभवावी लागते. ‘विश्वास’ माणसावर, शब्दावर, पद्धतीवर असतो आणि अनुभवाने वाढतो किंवा उडतो. ‘निष्ठा’मध्ये बांधिलकी आहे. ‘श्रद्धा’ पुरावा मागत नाही, हे तिचं बळ मानणारे आहेत आणि उणीव मानणारेही.

या शब्दांची क्रियापदंही पाठ करा, निम्मं मराठी तिथेच असतं. विश्वास ठेवतात, बसतो, उडतो. ‘विश्वास करतो’ हे हिंदीच्या सवयीने येतं, टाळा. श्रद्धा असते, जडते, ढळते. निष्ठा वाहतात. मत मांडतात, बनतं, बदलतं. भूमिका घेतात. एखादी गोष्ट गृहीत धरतात. आणि ‘मानणे’ हे साधं क्रियापद विसरू नका. ‘मी देव मानत नाही’ एवढं म्हटलं की पुरे होतं. पुढे नेमकेपणा हवा असेल तर ईश्वर नाही असं म्हणणारा तो निरीश्वरवादी, आणि आहे की नाही हे कळणं शक्य नाही म्हणणारा तो अज्ञेयवादी. ‘नास्तिक’ला जुन्या दर्शनांत वेद न मानणारा असा अर्थ होता, त्यामुळे जुन्या ग्रंथांवरच्या चर्चेत तो शब्द जरा तपासून वापरावा. ‘अंधश्रद्धा’ हे वर्णन नसून निवाडा आहे. समोरच्याच्या एखाद्या गोष्टीला तो शब्द लावलात की कविता बाजूला पडली म्हणून समजा.

आता ती रेघ. ती कोणती रेघ आहे? देवाच्या नावावर मारलेली काट असेल. त्या नावाखाली ओढलेली, म्हणजे अधोरेखित करणारी असेल. किंवा रकान्यात काहीच न लिहिता ओढतात तसली रिकामी रेघ असेल. पहिलं वाचन न मानणाऱ्याला लगेच सुचतं, दुसरं श्रद्धाळूला, तिसरं दोन्हींचा कंटाळा आलेल्याला. म्हणजे अर्थ लावताना आपली धारणा गुपचूप कामाला लागलेली असते. ती लपवायची गरज नाही, फक्त वेगळी सांगायची: ‘मी देव मानतो, त्यामुळे मला ती रेघ नावाखाली दिसली. ओळीत याला आधार आहे का ते बघू.’

आधार शोधायचा तर कविता खोडण्यासाठी ‘खोडणे’ वापरते, दोनदा. रेघेसाठी मात्र ‘ओढणे’. काट मारायची असती तर तिसऱ्यांदाही ‘खोडलं’ म्हणता आलं असतं. एवढ्यावरून काटेचं वाचन कमजोर पडतं, बाद होत नाही.

पायरी 6: ठरवण्याचे शब्द

निवड, निर्णय, निश्चय, निर्धार, संकल्प. पाचही ‘ठरवणं’च, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. निवडीला समोर पर्याय लागतात. निर्णय तोलून-मापून घेतला जातो, आणि तो ‘घेतात’, ‘करत’ किंवा ‘बनवत’ नाहीत. निश्चय मनाचा, त्याला साक्षीदार लागत नाही. निर्धारात समोर विरोध गृहीत आहे. संकल्प सुरुवातीला सोडतात, आणि तडीला जातोच असं नाही.

न ठरण्याचे शब्द कवितेच्या चर्चेत जास्त लागतात, कारण कविता बहुधा तिथेच घुटमळते. मन द्विधा होतं तेव्हा दोन वाटा स्पष्ट दिसत असतात. संभ्रमात वाटाच नीट दिसत नाहीत. पेच परिस्थितीत असतो, मनात नव्हे. इकडे आड तिकडे विहीर म्हणजे दोन्ही पर्याय वाईट. तळ्यात-मळ्यात म्हणजे माणूस दोन्हीकडे उड्या मारतोय. चालढकल म्हणजे ठरवायचं टाळणं. ‘जरा वेळ पेन धरून बसले’ या ओळीला मी द्विधा म्हणेन. शेजारच्याने चालढकल म्हटलं तर त्याला विचारा, का? उत्तरात त्याची सगळी कविता बाहेर येईल.

ठरवण्याच्या रीतीलाही शब्द आहेत: साधकबाधक विचार म्हणजे दोन्ही बाजू मांडणं, सारासार विचार म्हणजे महत्त्वाचं आणि फालतू वेगळं करणं, तारतम्य म्हणजे कमी-जास्त ओळखणं. मग रेघ ओढणं हा निर्णय की माघार? दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

पायरी 7: बोलताना आणि लिहिताना

आस्वाद, रसग्रहण, परीक्षण, समीक्षा, टीका. आस्वादात तुम्ही असता, समीक्षेत निकष असतात, रसग्रहण दोहोंच्या मध्ये. ‘टीका’ शब्द पूर्वी भाष्याला वापरत. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, शके 1212 मधली. आज ‘टीका करतो’ म्हटलं की लोकांना दोष काढणंच ऐकू येतं, म्हणून ‘यावर थोडं बोलतो’ म्हणणं बरं.

‘विरोधाभास’ आणि ‘विसंगती’ अदलाबदल करू नका. वरवर उलट, पण खोल गेल्यावर जुळणारं तो विरोधाभास, कवितेचा गुण. न जुळणारी ती विसंगती, बहुधा दोष.

मतभेद सांगायची काही घडीव वाक्यं हाताशी ठेवा. ‘माझं वाचन जरा वेगळं आहे.’ ‘हा अर्थ लागतो, पण तिसऱ्या ओळीशी त्याची संगती कशी लावाल?’ ‘तुमचा मुद्दा कवीबद्दल आहे की कवितेबद्दल?’ ‘मी यावर अजून ठाम नाही.’ शेवटचं वाक्य विशेषतः नवख्यांनी बिनदिक्कत वापरावं. उलट ‘तुम्ही अमुक आहात म्हणून तुम्हाला हे कळणार नाही’ हे वाक्य कधीही नको. ‘मी अमुक आहे म्हणून मला ही ओळ टोचली’ हे मात्र हवं.

लिहून आणणार असाल तर एकच पान पुरे. पहिल्या चार ओळींत कविता काय म्हणते ते तुमच्या शब्दांत, विशेषणं न लावता. मग घडण मोडते अशी एक जागा निवडून तिच्यावर अर्धं पान. उरलेल्या जागेत तुमची धारणा आणि तिला ओळींत मिळालेला किंवा न मिळालेला आधार. कवीचं चरित्र शेवटी, तेही लागलंच तर.